दुधाचे दात पडणारच आहेत, मग किडलेली दाढ भरायची कशाला?

मिरजकरीण

नमस्कार मंडळी. मुलगा साडेचार वर्षांचा आहे. खालच्या डाव्या बाजूला अगदी मागच्या दाढेत काळा खड्डा पडलाय. घास अडकतो. चॉकलेट किंवा थंड काही खाल्लं की गाल धरून बसतो, मग थोड्या वेळात थांबतं. रात्री शांत झोपतो. काल दंतवैद्यांकडे नेलं. त्यांनी छोटा एक्स-रे काढला आणि सांगितलं की कीड बरीच खोल गेली आहे, पण नसेपर्यंत पोचलेली नाही. आता भरून घ्या, थांबलात तर नसेचे उपचार करावे लागतील. वरच्या पुढच्या दातांना हिरडीलगत पांढरे, खडूसारखे पट्टे आहेत, तेही त्यांनी दाखवले.

घरात एकमत होत नाही. सासूबाई म्हणतात, दुधाचे दात पडायचेच असतात, एवढ्याशा पोराच्या तोंडात मशीन कशाला घालायचं. ह्यांचंही तेच मत. सासूबाईंनी तीन मुलं वाढवली आहेत, त्यांचं बोलणं मी उडवून लावणार नाही. पण पोरगा जेवताना एकाच बाजूने चावतो हे मला रोज दिसतं, आणि चपाती-भाजी नको, वरणभातच दे म्हणतो.

कुणी ह्यातून गेलं असेल तर सांगा. इथे दंतवैद्य असतील तर त्यांनीही लिहावं, आणि त्या पांढऱ्या पट्ट्यांचं काय करायचं तेही सांगावं.

सह्यकडा

ताई, थांबू नका. माझ्या पुतणीची दाढ अशीच होती. अधूनमधून दुखायची, औषध दिलं की थांबायची. एकदा सकाळी उठली तर गाल जबड्यापर्यंत सुजलेला, अंगात ताप, तोंड उघडेना. दवाखान्यात दाखल करून शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागलं, दाढही काढावी लागली. पाच वर्षांची होती. तिच्या आईचा तेव्हाचा चेहरा अजून आठवतो.

दंतवैद्य

मी लहान मुलांचीच दंतवैद्य आहे, साताऱ्याकडे काम करते. तोंड न बघता निदान करणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनी केलेलंच आहे. पण त्यामागची कारणं सांगते.

पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात. ते सगळ्यांना दिसतात, म्हणून सगळेच दुधाचे दात तेव्हा पडतात असं घरोघरी वाटतं. मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. तुमच्या मुलाच्या त्या दाढेला अजून सहा वर्षं तरी काम करायचं आहे. ह्याच वयात मूल वाढतं, आणि वाढायला चावून खावं लागतं. तो वरणभात मागतोय तो लाडाने नाही, दुखतंय म्हणून.

दुधाच्या दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, पक्क्या दाताच्या साधारण निम्म्या जाडीचं असतं आणि आतली नस तुलनेने मोठी. त्यामुळे मोठ्या माणसाच्या दातात जी कीड नसेपर्यंत जायला वर्षं घेते, ती लहान मुलात काही महिन्यांत पोचते.

आता जागेचा मुद्दा. सहाव्या वर्षाच्या आसपास ह्याच दाढेच्या मागे पहिली पक्की दाढ येते. तिला पुढे सरकू न देण्याचं काम दुधाची शेवटची दाढ करते. ती आधीच काढावी लागली तर पक्की दाढ पुढे कलते, आणि नंतर येणाऱ्या उपदाढेला जागाच उरत नाही. मग तो दात हिरडीत अडकतो किंवा आडवातिडवा येतो. दाढ काढणं भागच पडलं तर आम्ही जागा राखायला तारेची पट्टी बसवतो. पण मुलाची स्वतःची दाढ हीच सर्वांत चांगली राखण.

दुधाच्या दाढेच्या मुळांच्या बेचक्यातच खालचा पक्का दात तयार होत असतो. त्या दाढेत पू झाला आणि तो महिनोन् महिने राहिला, तर तो पक्का दात डाग किंवा खड्डा घेऊनच उगवू शकतो.

तुमच्या मजकुरात मला एक चांगली गोष्ट दिसली. गोड-थंडाने दुखतं आणि लगेच थांबतं, रात्री झोप लागते, म्हणजे नस बहुधा जिवंत आणि शाबूत आहे. काही न खाता-पिता दुखायला लागलं, रात्री रडत उठायला लागला, की समजायचं नस गेली. त्या दोन्हींच्या मधल्या काळात तुम्ही आहात, आणि तो काळ फार मोठा नसतो.

पांढऱ्या पट्ट्यांवर वेगळं लिहिते, क्लिनिकची वेळ झाली.

नवी_आई

खूप उपयोगी धागा. वाचते आहे. माझं बाळ चौदा महिन्यांचं आहे, पुढचे दात आले आहेत. रात्री दोन-तीनदा अंगावर पितं आणि तसंच झोपतं. त्यानेही कीड लागते असं ऐकलं. खरं आहे का?

माळरान

मी सत्तरीतला माणूस, सांगोल्याकडचा. आमच्या लहानपणी ब्रश नव्हता, पेस्ट नव्हती. बाभळीची नाहीतर कडुनिंबाची काडी, नाहीतर चुलीतली राखुंडी. माझे बहुतेक दात आजही माझे आहेत. आता पोरांना सगळं मिळतं आणि पहिलीत जायच्या आधी दाढा काळ्या. माझा प्रश्न मनापासूनचा आहे: मग चुकतंय कुठे?

आणखी एक विचारतो. आठवडी बाजारात दाताची कीड काढून देणारे बसायचे. निखाऱ्यावर रिंगणीचं बी टाकून त्याची धुरी नळीने दाढेला द्यायचे आणि मग वाटीतल्या पाण्यात पांढऱ्या अळ्या दाखवायचे. माझ्या आईने घेतली होती. तिला दोन दिवस बरं वाटलं होतं हेही खरं. त्या अळ्या काय होत्या?

दंतवैद्य

आधी पांढरे पट्टे, कारण माळरान काकांच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे.

दातावर जिवाणूंचा चिकट थर सतत बसत असतो. त्यातला एक मुख्य जिवाणू, स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, १९२४ साली लंडनमध्ये जे. किलियन क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून वेगळा केला. हे जिवाणू साखर खातात आणि आम्ल तयार करतात. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच दातावरच्या थराचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली जातो, आणि त्याखाली गेला की एनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडायला लागतं. मग लाळ कामाला लागते. ती आम्ल निवळते आणि गेलेली खनिजं परत आणून देते. ह्याला अर्धा ते एक तास लागतो. अमेरिकेतल्या रॉबर्ट स्टीफन यांनी १९४०च्या दशकात हे मोजून दाखवलं.

म्हणजे दात रोज झिजतो आणि रोज भरून निघतो. गोड दिवसातून दोन-तीनदा, जेवणाबरोबर आलं, तर लाळेला पुरेसा वेळ मिळतो. दर तासाला काहीतरी तोंडात गेलं तर मिळत नाही. जाणारं जास्त आणि येणारं कमी असं काही आठवडे झालं की पृष्ठभागाखाली खनिज कमी पडतं आणि तिथे तो पांढरा खडूसारखा पट्टा दिसतो. अजून खड्डा नसतो. ह्या अवस्थेत कीड थांबवता येते आणि दात पुन्हा घट्टही होतो. पट्टा पूर्ण जाईलच असं नाही, पण तो चकचकीत आणि कडक झाला की आम्ही जिंकलो. त्यासाठी क्लिनिकमध्ये फ्लोराइड वार्निशचा लेप लावतात. पाच टक्के सोडियम फ्लोराइड, ब्रशने दोन मिनिटांत लावून होतं, दुखत नाही. दर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा लावायचं.

एकदा खड्डा पडला की तो मात्र कशानेही भरून येत नाही. मोबाइलवर फिरणारे 'सात दिवसांत दात बरा' वाले तेला-हळदीचे उपाय करण्यात जो महिना जातो, त्या महिन्यात कीड नसेला भिडते. ह्या एका गोष्टीचा मला खरोखर त्रास होतो, कारण ती मुलं मग माझ्याकडे सुजलेला गाल घेऊन येतात.

काका, तुमच्या लहानपणी दात टिकले ते मुख्यतः साखर क्वचित मिळायची म्हणून. चहात गूळ, सणाला पोळी, जत्रेत रेवड्या. मधल्या वेळेला बिस्किट नव्हतं, होती ती भाकरी, शेंगा, चिंचा-बोरं. काडीने दात चांगले स्वच्छ होतात, तिला मी नाव ठेवणार नाही. राखुंडी मात्र खरखरीत असते, वर्षानुवर्षं घासली की एनॅमल झिजतं. आणि मशेरी कुणाच्या घरात असेल तर ती तंबाखू आहे, दात घासायचं साधन नाही. १९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट-टूथपावडरमध्ये तंबाखू घालायला बंदी केली, तरी घरी भाजून लावणाऱ्या बायका अजून बघते. लहान मुलीही आईचं बघून बोट घालतात.

बाजारातल्या अळ्यांबद्दल: दातात अळी कधीच नसते. रिंगणीचं बी तापलं की फुटतं आणि त्याच्या आतला वळलेला पांढरा कोंब बाहेर पडतो, तोच पाण्यात अळीसारखा दिसतो. आईंना बरं वाटलं असेल ह्यावर माझा विश्वास आहे. किडलेल्या दाताचं दुखणं मधे थांबतंच, कधी नस मेल्यामुळेही थांबतं. म्हणूनच दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं असं धरू नये.

माळरान

समजलं. धन्यवाद डॉक्टर. नातवंडांना सांगतो.

लुंडवासी

मी गेली बरीच वर्षं स्वीडनमध्ये लुंड गावी राहतो. डॉक्टरांनी 'किती' पेक्षा 'किती वेळा' असं जे सांगितलं, ते जगाला कळलं ते ह्या गावातल्या एका प्रयोगातून. व्हीपेहोल्म नावाची मतिमंद रुग्णांची मोठी संस्था होती. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या माणसांना मुद्दाम वेगवेगळ्या प्रकारे साखर खायला घातली. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. मधल्या वेळेत चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात अक्षरशः नासले. ज्यांना नकार देता येत नव्हता अशा माणसांवर हे केलं गेलं, हे वाचताना मन सुन्न होतं, आणि इथे आजही त्याबद्दल खंत आहे.

त्यातून इथे एक रीत रुजली. मुलांना खाऊ फक्त शनिवारी. शनिवारी दुकानात मुलं कागदी पिशवी घेऊन आपल्याला हवा तो खाऊ भरतात, एका बैठकीत खातात, रात्री दात घासतात. आठवडाभर मागत नाहीत, कारण शनिवार येणार हे त्यांना माहीत असतं. माझ्या दोन्ही मुली अशाच वाढल्या. आजी भारतातून आली की पहिले काही दिवस वाद होतो, मग तीही शनिवारची वाट बघते.

मिरजकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, तुमचं वाचून मी काल मुलाचा दिवस लिहून काढला. सकाळी चॉकलेटची पावडर घातलेलं दूध. बालवाडीच्या डब्यात जॅम-पोळी किंवा क्रीमचं बिस्किट. घरी आल्यावर जेवण. झोपून उठला की आजोबांबरोबर चहात बुडवून बिस्किटं. मग बागेत कुणी ना कुणी चॉकलेट देतं. संध्याकाळी फळ. रात्रीच्या जेवणानंतर गोड दुधाची बाटली, ती पितापिता झोप. हिवाळ्यात खोकला होता तेव्हा झोपताना गोड सिरप, तेही महिनाभर.

ह्यातलं काय काढू आणि काय ठेवू? सगळं एकदम बंद केलं तर घरात रडारड होईल, आणि आजोबांचा चहा-बिस्किटाचा वेळ मला मोडायचा नाही. तो त्या दोघांचा आहे.

दंतवैद्य

आजोबांचा चहा मोडूच नका. फक्त बिस्किटाच्या जागी चुरमुरे, भाजलेले शेंगदाणे (नीट बसून, चावून खाणार असेल तरच), खाकरा, चपातीचा तुकडा. बिस्किट भिजून दाढेच्या खाचेत लगदा होऊन बसतं आणि तासभर तिथेच राहतं. ग्लुकोजचं असो नाहीतर 'पौष्टिक' नाचणीचं असो, साखर आणि मैदा असला की दाढेला सारखंच.

रात्रीची बाटली सर्वांत आधी काढा. झोपेत लाळ जवळजवळ सुटत नाही, त्यामुळे तोंडात राहिलेलं गोड दूध रात्रभर दातांवर काम करतं. पट्टे वरच्या पुढच्या दातांवर आले आणि खालच्या पुढच्या दातांवर नाहीत, बरोबर ना? पिताना खालचे दात जिभेखाली झाकले जातात आणि लाळेच्या ग्रंथीही तिथेच असतात. त्या खुणेवरून आम्ही बाटली ओळखतो. दूध द्यायचंच असेल तर पेल्यातून, बिनसाखरेचं, आणि दात घासायच्या आधी. दात घासल्यावर फक्त पाणी. पहिल्या तीन-चार रात्री रडेल. त्यानंतर तुम्हाला आणि त्यालाही झोप चांगली लागेल.

बागेतलं चॉकलेट खिशात ठेवायचं आणि घरी जेवणानंतर खायचं, असं त्याच्याशी ठरवा. ह्या वयाची मुलं ठरलेलं पाळतात, मोठ्यांपेक्षा चांगलं पाळतात. सणावारी लाडू, पुरणपोळी जेवताना पोटभर खाऊ दे. बोरन्हाणात मात्र गोळ्या-चॉकलेटांऐवजी बोरं, हरभरे, उसाचे करवे जास्त ठेवा. मूळचं बोरन्हाण तेच होतं.

सिरपबद्दल बरं झालं लिहिलंत. औषध गोड असतं आणि ते झोपताना दिलं जातं. औषध बंद करायचं नाही. पण दिल्यावर पाणी पाजायचं, जमलं तर आधी औषध आणि मग ब्रश.

नवी_आई, तुमचं वाचलंय. अंगावरचं दूध थांबवू नका. दात आल्यानंतर, वर्षानंतर, रात्रभर पुन्हा पुन्हा पाजल्याने धोका थोडा वाढतो, आणि वरचं गोड खाणं सुरू झालेलं असेल तर जास्त वाढतो. म्हणून शेवटचं वरचं खाणं झालं की दात स्वच्छ करा, मऊ छोट्या ब्रशने, तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट घेऊन. महिन्यातून एकदा उजेडात बाळाचा वरचा ओठ उचलून बघा. हिरडीलगत पांढरी रेघ दिसली की दाखवायला न्या. मधाचं बोट आणि गोड लावलेली चोखणी नको. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध तसाही देऊ नये.

पैनगंगा

मी किनवट भागातली शिक्षिका आहे. फ्लोराइड, फ्लोराइड वाचून मला राहवलं नाही. आमच्याकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे म्हणून गावात फलक लागलेत. माझ्या वर्गातल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आहेत, काही वाड्यांवर म्हाताऱ्यांची हाडं वाकलेली बघितली आहेत. आणि इथे तेच औषध म्हणून सांगताय. आमच्या मुलांनी काय करायचं?

दंतवैद्य

पैनगंगाताई, तुमचा प्रश्न ह्या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण राज्यभर एकच सल्ला चालणार नाही.

दातांवर फ्लोराइडचा परिणाम मुळात कळला तोच अशा डागांतून. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे १९०१ साली गेलेले फ्रेडरिक मॅके यांना तिथल्या लोकांचे दात तपकिरी दिसले, पण किडलेले कमी दिसले. १९३१ मध्ये त्याचं कारण पाण्यातलं फ्लोराइड आहे हे सापडलं. थोडं असेल तर दात वाचतात, जास्त झालं तर डाग आणि पुढे हाडांचे आजार. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलीग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर ह्या जिल्ह्यांत काही ठिकाणी भूजलात ह्याहून जास्त सापडतं. केंद्राचा फ्लोरोसिस नियंत्रणाचा कार्यक्रम २००८-०९ पासून चालू आहे.

तर तुमच्याकडे पहिलं काम पाण्याचं. बोअरचं पाणी तपासून घ्या, जिल्ह्यात पाणी तपासणीची सरकारी प्रयोगशाळा असते. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. साध्या कँडलच्या फिल्टरनेही जात नाही. आरओ किंवा अ‍ॅक्टिवेटेड अ‍ॅल्युमिनाचा फिल्टर लागतो. उघड्या विहिरीचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी पिण्या-स्वयंपाकाला वेगळं ठेवता आलं तर फार चांगलं. डाग पडतात ते दात हिरडीखाली तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत. म्हणून अंगणवाडीच्या आणि प्राथमिक शाळेच्या मुलांना चांगलं पाणी आधी मिळायला हवं. तुम्ही शिक्षिका आहात, ग्रामसभेत हे तुम्ही मांडलंत तर वजन पडेल.

पेस्ट पोटात जाण्यासाठी नसते, ती दाताला वरून लागते. तुमच्या भागात सहा वर्षांच्या आतल्या मुलाला कोणती आणि किती द्यायची हे पाण्याचा अहवाल दाखवून दंतवैद्याला विचारा. आणखी एक, डाग असलेला दातही किडतो. डाग आहेत म्हणजे कीड लागणार नाही असं समजू नका.

इतर ठिकाणी: तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी पेस्ट. १००० पीपीएम फ्लोराइडची. लहान मुलांच्या रंगीत ट्यूबांत कित्येकदा फ्लोराइड फार कमी असतं किंवा नसतंच, मागची बारीक अक्षरं वाचा. दोनदा घासायचं, त्यातलं रात्रीचं चुकवायचं नाही. थुंकायचं, पण खळखळून चूळ भरायची नाही, नाहीतर सगळं फ्लोराइड वाहून जातं. आणि सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश आई-बाबांनी धरायचा. त्याआधी मुलाच्या हाताला ते वळण येत नाही.

पैनगंगा

अहवाल काढून घेते. पाण्याचा विषय ग्रामसभेत मांडायचं आधीपासून मनात होतं, आता लिहूनच देते.

गोंयकार

आमच्या तीन वर्षांच्या धुवेला, म्हणजे मुलीला, समोरच्या चार दातांत कीड होती. ती खुर्चीत बसायलाच तयार नव्हती. डॉक्टरांनी एक थेंब औषध लावलं, सुई नाही, मशीन नाही. किडलेला भाग काळा पडला, पण कीड तिथेच थांबली. माझ्या आईला तो काळा रंग बघवत नव्हता. 'पोरीचे दात जाळले' म्हणाली. मला मात्र मुलगी न रडता घरी आली ह्याचाच आनंद. ह्या औषधाबद्दल डॉक्टरांनी लिहावं.

दंतवैद्य

ते सिल्वर डायमाइन फ्लोराइड, ३८ टक्क्यांचं. जपानमध्ये १९७०च्या दशकापासून वापरात आहे. चांदी जिवाणू मारते, फ्लोराइड दात कडक करतं. किडलेला भागच काळा होतो, चांगला दात नाही. साधारण सहा महिन्यांनी पुन्हा लावायचं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते आवश्यक औषधांच्या यादीत घातलं, फ्लोराइड पेस्ट आणि ग्लास आयनोमर सिमेंट (दात भरायला वापरतात ते) ह्यांच्याबरोबर. जिथे वीज आणि खुर्ची नाही अशा गावात हे फार मोठं साधन आहे. नस गेलेल्या किंवा पू झालेल्या दाताला मात्र चालत नाही. आईंना सांगा, जळलेलं काही नाही.

मशीनला घाबरणाऱ्या मुलांच्या दाढांसाठी दुसरा मार्ग म्हणजे स्टीलची कॅप, दाढ न कोरता. स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल ह्या डॉक्टरांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. आधी काही दिवस दाढांच्या फटीत छोटे रबर ठेवून जागा करतात, मग कॅपमध्ये सिमेंट भरून ती दाढेवर दाबून बसवतात. आत कोंडलेल्या किडीला साखर मिळत नाही, ती थांबते. नस शाबूत असेल तरच.

एसटीने_येजा

खर्चाचं कुणीच बोलत नाही. खाजगीत मुलांची एक कॅप आणि नसेचे उपचार म्हणजे आमच्यासारख्यांचा महिन्याचा किराणा. माझी मुलगी सहा वर्षांची, तीन दाढा किडल्यात. आम्ही कुठे जायचं?

दंतवैद्य

तुम्ही विचारलंत ते बरं केलं. हा आजार गरिबाच्याच घरी जास्त दिवस राहतो. २००२-०३च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के मुलांच्या दातांत कीड होती, म्हणजे तुम्ही एकटे नाही.

शाळेत आणि अंगणवाडीत आरोग्य तपासणीचं पथक येतं ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. तो २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात तपासायच्या ३० विकारांत दातांचे विकारही आहेत, आणि तिथून पाठवलेल्या मुलावर मोफत उपचाराची सोय आहे. मुख्याध्यापकांना पथक कधी येणार विचारा आणि मुलीच्या दाढा त्यांना दाखवाच. त्याआधी दुखत असेल तर थेट उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात जा, तिथे दंत विभाग असतो. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे, गोव्यात बांबोळीला आहे. तिथले बालदंत विभाग हे सगळे उपचार करतात आणि खर्च खाजगीच्या मानाने खूपच कमी. वेळ लागतो, खेपा होतात, हे खरं. सकाळी लवकर जा, मुलीला खाऊ घालून न्या.

तोपर्यंत घरी: दुखलं तर बालरोगतज्ज्ञांनी वजनाप्रमाणे सांगितलेलं पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन मुलांना द्यायचं नाही, हिरडीवर चुरून तर नाहीच. लवंगेचं तेल लहान मुलाच्या तोंडात नको, हिरडी भाजते आणि पोटात गेलं तर धोक्याचं. गालाला सूज असेल तर गरम शेक देऊ नका. सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली जात असेल, ताप असेल, गिळता येत नसेल, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणून सूज उतरली तरी दाढेतलं कारण तसंच राहतं, दोन आठवड्यांत पुन्हा येतं.

एसटीने_येजा

सोमवारी सुट्टी टाकून जिल्हा रुग्णालयात नेतो. मनावरचं ओझं उतरलं.

मिरजकरीण

कळवायला उशीर झाला. धागा मी सासूबाईंना वाचून दाखवला. दाढेखालच्या पक्क्या दाताचं ऐकल्यावर त्याच म्हणाल्या, "मग उद्याच ने." आणि आल्याही बरोबर. नस चांगली होती. दाढ भरून वर कॅप बसवली, पुढच्या दातांना वार्निश लावलं. चार दिवसांनी चपाती मागून घेतली. रात्रीची बाटली बंद आहे, पहिल्या रात्री सासूबाईंनीच त्याला मांडीवर घेऊन गोष्टी सांगितल्या. शनिवारचा खाऊही सुरू केलाय.

एक शेवटचं. माझ्या भाचीला, सहा वर्षांची आहे, एकही दात पडलेला नसताना मागे नवी दाढ येतेय असं नणंद म्हणते. दुधाचीच असेल ना?

दंतवैद्य

वाचून फार आनंद झाला. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

नाही, ती दुधाची नाही. ती आयुष्यभराची पहिली पक्की दाढ. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, काहीही न पडता, गुपचूप येते, म्हणून बहुतेक घरांत ती दुधाचीच समजली जाते आणि सर्वांत आधी किडते. तिच्या वरच्या खाचा खोल असतात, ब्रशचे केस तिथे पोचत नाहीत. पूर्ण उगवली की त्या खाचा सीलंटने बंद करून घ्या. पातळ लेप असतो, निळ्या प्रकाशाने कडक करतात, कोरावं लागत नाही. चारही दाढांना. अर्धवट उगवलेली असेल तोवर ब्रश आडवा, गालाच्या बाजूने आत घालून तिच्यापर्यंत न्यायचा, कारण ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते आणि सरळ ब्रश तिच्यावरून निघून जातो. नणंदबाईंना ह्या महिन्यातच दाखवायला सांगा.